खर्जातले सोलो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गाण्यात बेस गिटार वाजते आहे हे कोणी सांगितल्याशिवाय माझ्या लक्षात येत नाही. तिचे सोलो ऐकायचे असतील, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आधी आपण कशावर ऐकता ते पाहावे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झला लागते. एवढा खालचा स्वर मोबाइलच्या स्पीकरला झेपत नाही, त्यामुळे त्या स्वराचे वरचे उपस्वर तेवढे कानी पडतात आणि मूळ खर्ज गळून जातो. बरा हेडफोन लावला की निम्मी अडचण दूर होईल.

मग 'द हू' या ब्रिटिश बँडचे 1965 सालचे 'माय जनरेशन' ऐकावे. गाण्याच्या मध्यावर, जेथे गिटारच्या सोलोची अपेक्षा असते, तेथे गिटार जेमतेम काही ठोके देऊन थांबते आणि जॉन एंटविसल यांची बेस तिला उत्तर देते. हा सवालजवाब पुन्हा पुन्हा होतो आणि बाकीची वाद्ये वाट मोकळी करून देत असल्याने नवख्या कानालाही बेसचा स्वर अचूक ओळखता येतो. रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणात बेसला असा मोकळा अवकाश देण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे.

प्रश्न : जॅको पास्टोरिअस यांचे नाव बेसवादकांच्या प्रत्येक यादीत वर असते. ते वेगाने वाजवत म्हणून, की त्यापलीकडे काही आहे?

उत्तर : वेग होताच, पण 1976 साली त्यांच्याच नावाने निघालेला पहिला अल्बम लावल्यावर आधी लक्षात येते ती त्यांची स्वरांची निवड. अल्बमची सुरुवात 'डॉना ली' या बीबॉप (वेगवान जॅझची एक शैली) काळातील धूनने होते. ही धून सॅक्सोफोन आणि ट्रंपेटच्या वळणाची आहे. ती पास्टोरिअस बेसवर वाजवतात आणि साथीला डॉन एलायस यांच्या कोंगांखेरीज (हातांनी वाजवायचे उंच ढोल) काहीही घेत नाहीत. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा समूह, धरणारे एकही वाद्य सोबत नसताना कॉर्ड कोठे बदलला हे ऐकणाऱ्याला कळत राहते, कारण सोलोच्या धावत्या ओळीतही त्यांचे बोट नेमक्या जागी त्या त्या कॉर्डच्या मुख्य स्वरावर येऊन टेकते. आधार आणि विस्तार ही दोन्ही कामे येथे एकच वाद्य करते.

त्यांची आवडती 1962 सालची फेंडर जॅझ बेस पडद्यांविना (फ्रेटविना) होती आणि तारांनी लाकूड झिजू नये म्हणून तिच्या पट्टीवर इपॉक्सीचा कडक थर दिलेला होता. पडदे नसल्यामुळे मींड सहज निघते, मात्र बोट किंचित चुकले तरी स्वर बेसूर होतो. त्याच अल्बममधील 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ही रचना तर बहुतांशी हार्मोनिक्सवर उभी आहे. तार दाबायची नाही, ठरावीक बिंदूवर बोट नुसते टेकवायचे आणि छेडताच उचलायचे. मोकळी तार षड्ज मानली, तर तिच्या मध्यावर वरचा षड्ज मिळतो, एक तृतीयांशावर पंचम, एक चतुर्थांशावर त्याहून वरचा षड्ज आणि एक पंचमांशावर शुद्ध गांधार. तंबोरा चांगला लागला की जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याच जातीचा हा स्वर आहे. पास्टोरिअस यांनी हे स्वर एकापुढे एक मांडून, मधूनच खालचा एखादा दाबलेला स्वर देत, त्यांतून पूर्ण कॉर्ड उभे केले. पुढच्या कित्येक वादकांनी त्यांचा वेग उचलला; हा संयम मात्र फार थोड्यांना साधला, असे माझे मत आहे.

प्रश्न : बेसवादक जेम्स जेमरसन यांचा एकही गाजलेला सोलो मला सापडला नाही. तरीही त्यांना सर्वश्रेष्ठ का म्हणतात?

उत्तर : सापडणार नाही, कारण त्यांचे काम सोलोचे नव्हतेच. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत ते साथीचे वादक होते आणि त्या काळात अशा वादकांची नावे रेकॉर्डच्या वेष्टनावर सहसा छापली जात नसत. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते तारा छेडत आणि जुन्या तारा सहसा बदलत नसत. त्यांचा दबका, गोल आवाज त्यातूनच आला. स्टीव्ही वंडर यांच्या 'फॉर वन्स इन माय लाइफ'मध्ये गायकाच्या ओळीखालून बेसची चाल इतक्या तऱ्हांनी वळते, की तेवढीच वेगळी काढून ऐकली तर तिला सोलोच म्हणावे लागेल. गाणे मात्र तिच्यामुळे कोठेही अडखळत नाही. सोलो करण्याची उमेद असलेल्यांनी आधी ही चाल बसवावी.

प्रश्न : मेटल संगीतात बेसचा सोलो असतो का?

उत्तर : असतो. मेटालिका बँडच्या 1983 सालच्या पहिल्या अल्बममध्ये बेसवादक क्लिफ बर्टन यांची 'अ‍ॅनेस्थेशिया' ही रचना आहे. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारे) आणि वा-वा (आवाज उघडझाप करणारे) पेडल लावलेली बेस आधी एकटी वाजते आणि ड्रम नंतर येतात. सुरुवातीला 'बेस सोलो, टेक वन' अशी घोषणाही ऐकू येते. ड्रम येण्यापूर्वीचा भाग मला अधिक आवडतो.

प्रश्न : अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची पद्धत कोणी सुरू केली?

उत्तर : तिचे श्रेय बेसवादक लॅरी ग्रॅहम यांना देतात. आईसोबत वाजवत असताना त्यांच्याकडे ड्रमवादक नव्हता, म्हणून बास ड्रमच्या (ड्रमसंचातला मोठा, खोल आवाजाचा ढोल) जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअरच्या (तीव्र, कडक आवाजाचा ढोल) जागी बोटाने ओढलेली तार, अशी सोय त्यांनी काढली. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधून ती जगभर पोहोचली.

प्रश्न : आपला स्वतःचा आवडता सोलो कोणता?

उत्तर : पॉल सायमन यांच्या 1986 सालच्या 'यू कॅन कॉल मी अल'मधील बकिथी कुमालो यांचा, पडद्यांविना बेसवरचा. तो काही सेकंदांत संपतो. कुमालो यांनी प्रत्यक्षात त्याचा पहिलाच अर्धा भाग वाजवला. उत्तरार्धासाठी तेच ध्वनिमुद्रण उलटे फिरवून जोडले आहे, त्यामुळे वरून कोसळत आलेली स्वरांची ओळ आल्या वाटेने परत फिरते. ही जोडणी माहीत नसलेल्याला शंकाही येत नाही आणि माहीत झाल्यावर पुन्हा ऐकले, तर उत्तरार्धात प्रत्येक स्वर हळू उगवून एकदम तुटल्यासारखा जाणवतो.