घसरलेला शेअर : थांबावे, विकावे की आणखी घ्यावे?

प्रश्न : एका मध्यम आकाराच्या कंपनीचे १०० शेअर मी ४२० रुपये भावाने घेतले होते. दहा महिन्यांत भाव २९० वर आला आहे. ओळखीचे एक गृहस्थ आणखी १०० शेअर घेऊन सरासरी खाली आणण्याचा सल्ला देतात. ४२० चा भाव परत मिळाला की बाहेर पडावे, असे मला वाटते. दरम्यान, फायद्यात असलेले दुसरे दोन शेअर मी विकले. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात ४२० हा आकडा आहे, परंतु कंपनीची विक्री आणि नफा वाढला की घटला, तिच्यावर कर्ज किती आहे, यांचा उल्लेख नाही, आणि आपला निर्णय अडला आहे तो नेमका तेथेच. आपण शेअर कितीला घेतला याचा कंपनीच्या भवितव्याशी काहीही संबंध नसतो. म्हणून स्वतःला एवढेच विचारावे की, आज २९,००० रुपये रोख हाती असते तर आपण याच कंपनीचे शेअर घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘मुद्दल सुटू दे, मग विकतो’ या विचाराने थांबण्याला कोणताही आधार उरत नाही.

सरासरीचा हिशेब दिसतो तितका निरुपद्रवी नाही. आणखी १०० शेअर घेतल्यास सरासरी ३५५ होईल आणि मुद्दल सुटण्यासाठी भाव ४५ टक्क्यांऐवजी सुमारे २२ टक्के वाढणे पुरेल, हे खरे. पण ४२,००० ऐवजी ७१,००० रुपये एकाच कंपनीत अडकतील आणि यापुढे घसरणाऱ्या प्रत्येक रुपयामागे दोनशे रुपयांचे नुकसान होईल. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवस्थापकीय संचालकांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच मर्यादित केली, तेव्हा प्रश्न भावाचा न राहता व्यवस्थापनाचा झाला होता. तरीही प्रत्येक घसरणीत ‘स्वस्त’ म्हणून खरेदी करणारे होतेच. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी भाव काही वेळ सहा रुपयांच्याही खाली गेला, आणि पुनर्रचनेत १०० वा अधिक शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. प्रत्येक घसरलेल्या कंपनीचे असे होते असे नाही. संपूर्ण बाजार खाली असताना चांगल्या कंपनीचा भावही उतरतो, आणि तेव्हा वाढवलेली खरेदी योग्य ठरू शकते. हा फरक ओळखण्यासाठी शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरील कंपनीचे गेल्या चार तिमाहींचे निकाल वाचावेत, आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या व तिच्यावर नियंत्रण असणाऱ्यांनी, आपले शेअर तारण ठेवले आहेत का, हे अवश्य पाहावे. सल्ला देणारे गृहस्थ सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणीकृत आहेत का, हेही विचारावे, कारण नुकसान झाल्यास ते सोसायचे आहे आपल्यालाच.

फायद्यातले शेअर विकून तोट्यातले धरून ठेवण्याची प्रवृत्ती फार सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील दहा हजार ब्रोकरेज खात्यांच्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती स्पष्ट दिसली, आणि विकलेल्या फायद्यातल्या शेअरांनी पुढील वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरीने अधिक परतावा दिला. यापुढे शेअर घेतानाच, तो का घेतला आणि काय घडल्यास विकायचा, हे दोन ओळींत लिहून ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भाव कोसळत असताना ठरवलेले निकष क्वचितच टिकतात.

केवळ करासाठी विकू नये, परंतु विकायचेच ठरल्यास बारा महिने पूर्ण होण्याआधी विकणे आपल्या सोयीचे ठरेल. हा अल्पकालीन भांडवली तोटा अल्पकालीन व दीर्घकालीन अशा दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा करता येतो. बारा महिन्यांनंतर विकल्यास मात्र तोटा दीर्घकालीन ठरतो आणि केवळ दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. ते दोन शेअर याच आर्थिक वर्षात विकले असतील, तर त्यांच्या नफ्यावरील कर त्यामुळे कमी होईल. उरलेला तोटा, विवरणपत्र मुदतीत भरल्यास, पुढील आठ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करण्यासाठी पुढे ओढता येतो.