टार्टचा तळ कच्चा राहतोय? पेस्ट्री बदलण्याआधी ओव्हनची खालची आच तपासा

तुम्ही लिहिलंय की कांदा-चीज टार्टच्या कडा छान फुगतात, चीजला रंग येतो, पण कापल्यावर मधला तळ पांढरट, ओला आणि कच्च्या कणकेसारखा लागतो. पेस्ट्रीचा, म्हणजे टार्टच्या तळाला असते त्या तयार पफ पेस्ट्रीच्या पोळीचा, ब्रँड बदलूनही फरक पडला नाही. अगदी हेच गाऱ्हाणं माझं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी शिकलेली शेफ नाही, घरीच करते. तुमच्या ओव्हनला जे लागू पडेल तेवढंच घ्या.

पेस्ट्री फ्रीजमध्येच हळूहळू नरम करणं, कडेपासून बोटभर आत सुरीने हलकी रेघ मारणं, मधल्या भागाला काट्याने टोचे देणं, हे तुम्ही करतच असाल. ते सोडून देते.

आधी कांद्याबद्दल. कांद्याच्या वजनात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं आणि ते पॅनमध्ये गेलं नाही तर पेस्ट्रीत जाणार. ‘१० मिनिटं परतून सोनेरी करा’ असं जिथे लिहिलेलं असतं, ती कृती मी तिथेच मिटते. १० मिनिटांत कांदा फक्त पारदर्शक होतो. मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं द्यायलाच हवीत. मीठ सुरुवातीलाच घाला, म्हणजे पाणी लवकर सुटतं. झारा पॅनच्या तळावरून ओढला की मागे कोरडी वाट राहिली पाहिजे. ती पुन्हा पाण्याने भरून आली तर कांदा अजून झालेला नाही. चिमूटभर सोड्याने रंग लवकर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो, त्यामुळे टार्टसाठी मी सोडा वापरत नाही. साखरही नाही, सावकाश परतलेला कांदा पुरेसा गोड होतो.

मग तो ताटात पसरून पूर्ण गार करा. पफ पेस्ट्रीत कणकेच्या पदरांमध्ये लोण्याचे पदर असतात. तिपदरी घड्या सहा वेळा घातल्या की लोण्याचे ७२९ पदर होतात. ओव्हनच्या कडक आचेत त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते. लोणी मात्र ३२ ते ३५ अंशांलाच वितळतं. कांदा गरम असताना पसरलात तर लोणी ओव्हनच्या आधीच कणकेत मुरतं, आणि मग पदर सुटत नाहीत.

चीज मुरलेलं, कमी ओलाव्याचं घ्या. ग्रुयेर किंवा जुनं चेडर उत्तम, पाण्यातलं ताजं मोझरेला नको. थोडं चीज कांद्याच्या खालीही भुरभुरा. कडांवर फेटलेलं अंडं लावताना ते कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका, पदर चिकटून बसतात.

आता मुद्द्याचं. हे सगळं चोख करूनही माझा तळ कच्चाच राहायचा, कारण दोष ओव्हनचा होता. आणि ते ओव्हनच्या कंपनीच्या तक्रार केंद्राकडून कबूल करून घेण्यात माझे सर्वांत जास्त दिवस आणि पैसे गेले. फोनवरच्या माणसाने मला पेस्ट्री बदलायला सांगितली. घरी आलेल्या माणसाने ओव्हन सुरू केला, वरचा एलिमेंट, म्हणजे विजेने तापणारी दांडी, लाल झालेला पाहिला, ‘चालू आहे’ म्हणाला आणि निघाला. तो जिना उतरतोय तोच मोबाइलवर निरोप: तक्रारीचं निवारण झालं. पुन्हा फोन केला की पुन्हा तेच. खाली काय चाललंय हे एकानेही पाहिलं नाही! बऱ्याच ओव्हनमध्ये खालचा एलिमेंट तळाच्या पत्र्याखाली असतो, तो लाल झाला की नाही ते बाहेरून दिसतच नाही. थर्मामीटरवरही विसंबू नका. तो मधल्या हवेचं तापमान सांगतो, आणि ती हवा एकटा वरचा एलिमेंटही तापवू शकतो.

म्हणून ब्रेडची चाचणी करा. ओव्हनमध्ये वरची आच बंद ठेवायची सोय असेल तर फक्त खालची लावा, २०० अंशांवर नीट तापू द्या. मग जाळीवर ट्रेशिवाय पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवा. सहा-सात मिनिटांनी उलटून बघा. खालच्या बाजूवर रंगाचा मागमूस नसेल तर कुठे बिघडलंय ते कळलं. माझ्या स्लाइसची खालची बाजू पाकिटातून काढल्यासारखी पांढरी होती. दोन्ही बाजूंचे फोटो लेखी तक्रारीला जोडले तेव्हा कुठे मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र) घेऊन माणूस आला आणि एलिमेंट तुटलेला निघाला. तोवर वॉरंटी संपली होती. पहिली तक्रार वॉरंटीतली होती, पण ती ‘निवारण झाली’ म्हणून बंद केलेली, त्यामुळे बिल माझ्या माथी. याचा राग मला अजूनही आहे. तेव्हा तुमच्याकडे कुणी आलं तर काय मोजलं ते कागदावर लिहून घ्या, नुसतं ‘तपासलं’ यावर सही करू नका. आणि मागचा पत्रा स्वतः उघडू नका, ते विजेचं काम आहे.

खालची आच ठीक निघाली तर मग ट्रेकडे बघा. जाड धातूचा ट्रे ओव्हनसोबतच तापवा आणि टार्ट बेकिंग पेपरसकट त्यावर सरकवा. काचेचं भांडं नको, ते सावकाश तापतं. जाळी मधल्यापेक्षा एक खाच खाली. पंखा असेल तर २०० अंश, नसेल तर २२०, साधारण २५ मिनिटं. बेकिंग पेपर किती अंश सोसतो ते त्याच्या खोक्यावर आधी बघून घ्या. वरून रंग आला म्हणून बाहेर काढू नका, उलथन्याने कड उचलून तळ बघा. वरून करपायला लागलं तर फॉइल झाका.

दुरुस्ती होईपर्यंतचा तोडगाही सांगते. कच्च्या तळाचा टार्ट गरम जाड तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवला की तळ बऱ्यापैकी खुसखुशीत होतो. शिळा टार्टही असाच किंवा ओव्हनमध्ये गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये तो लिबलिबीत होतो.

ब्रेडची खालची बाजू कशी आली ते कळवा. फोटो टाकलात आणि तुमच्या ओव्हनचा खालचा एलिमेंट दिसतो की झाकलेला आहे तेही लिहिलंत, तर पुढचं नेमकं सांगता येईल.