वाइनची स्तुती छापणे गुन्हा आहे का?

प्रश्न : मी एका पाक्षिकात खाद्यपदार्थांवर सदर लिहिते. नाशिक परिसरातील वाइनवरही लिहावे, असे संपादकांनी सुचवले. परंतु मद्याच्या जाहिरातीला बंदी असताना वाइनची छापील स्तुती हा गुन्हा ठरेल, अशी शंका सहकाऱ्यांनी काढली आहे. शिवाय वाइन जिथे सहज मिळत नाही, तिथे तिच्या समीक्षेचा वाचकाला उपयोग तरी काय? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : सहकाऱ्यांची शंका निराधार नाही. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कलम 24 नुसार मद्यसेवनाचे आवाहन किंवा विक्रीचा प्रस्ताव तर सोडाच, मद्याची नुसती प्रशंसा करणारा मजकूरही वृत्तपत्रात वा पुस्तकात छापण्यास मनाई होती. या कायद्याला एफ. एन. बलसारा या एका नागरिकाने न्यायालयात आव्हान दिले. परदेशी मद्याबरोबरच ओ-दि-कोलोन व लव्हेंडर वॉटर ही मद्यार्कयुक्त सुगंधी द्रव्ये आणि औषधी वाइन बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली निकाल देताना कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. प्रशंसेवरील बंदी मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवून रद्द केली. दारूबंदी ऐन भरात असताना न्यायालयाने प्रशंसा आणि आवाहन यांत हा भेद केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण मराठीत वाइनवर मोकळेपणाने लिहिण्याचा हक्क त्याच भेदावर उभा आहे.

आवाहन आणि विक्रीचा प्रस्ताव यांवरील बंदी मात्र टिकून राहिली. म्हणून लेखात दुकानाचा फोन क्रमांक, सवलतीची माहिती किंवा कंपनीने पाठवलेला मजकूर येऊ देऊ नका. एखादी वाइन आवडली तर का आवडली ते लिहा, आणि नावडली तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. ज्या सदरात प्रत्येक वाइन उत्तमच ठरते, ते जाहिरातीपासून वेगळे ओळखता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ विक्रीच्या व्यवस्थेत आहे. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून वाइननिर्मितीला उत्तेजन दिले, पण विक्री परवानाधारक ठिकाणांपुरतीच राहिली. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने 1000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्याला कडाडून विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. व्यसनाची झळ सोसलेल्या घरांचा विरोध मी हलका मानत नाही. तरीही निर्मितीला प्रोत्साहन आणि विक्रीला आडकाठी, या धोरणाचा भार अखेर ग्राहकावर पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

समीक्षेची खरी गरज इथेच आहे. वाइनरीच्या थंड तळघरात चाखलेली शनँ ब्लाँ ही पांढरी वाइन आणि तीच वाइन ऐन मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या दुकानात व्हिस्कीच्या रांगेत आठवडेच्या आठवडे उभी राहिल्यानंतर, या दोहोंची चव एक राहत नाही. उष्णतेने बाटलीचे बूच किंचित वर सरकते, गळ्याशी चिकट ओघळ दिसतो, फिकट पिवळा रंग तपकिरीकडे झुकतो आणि ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या फळाचा वास येतो. वाचक दोष वाइनला देतो आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. तेव्हा परीक्षणासाठी बाटली शक्यतो आपला वाचक जिथून घेईल तशाच दुकानातून, स्वतःच्या पैशाने घ्या. वाइनरीने भेट पाठवली असेल तर तसे छापा. बाटलीवरील द्राक्षहंगामाचे वर्ष, खरेदीचा महिना, मोजलेली किंमत आणि दुकानात ती कशी ठेवली होती, हे प्रत्येक वेळी नोंदवा. आपल्या राज्यात मद्यसेवनासाठी कायद्याने परवाना लागतो, हेही नव्या वाचकाला एकदा सांगून ठेवावे, कारण बहुतेकांना ते ठाऊकच नसते.