नागपुरात डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळासाठी कोणते स्पेशालिस्ट बघावेत, की मुंबईलाच न्यावं लागेल?

दादा, बाळ दोन महिन्यांचं आहे, कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय आणि घरचे म्हणून राहिले की इथे कोणी खास डॉक्टर नाही, मुंबईला न्या, असं तुम्ही लिहिलंय. मुंबईची घाई करू नका. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे, तिचं सगळं नागपुरातच झालं. डाऊनचा डॉक्टर म्हणून वेगळा कोणी शोधत फिरण्यापेक्षा एक चांगला बालरोगतज्ज्ञ पक्का करा, जो बाळाची पूर्ण फाइल बघेल आणि कुठली तपासणी कधी, कोणाकडे, हे स्वतः ठरवेल. बाकीचे स्पेशालिस्ट त्याच्या सांगण्यावरून.

पण एक गोष्ट त्याच्यासाठीही थांबवू नका, ती म्हणजे इको, हृदयाची सोनोग्राफी. झालाय का ते तुम्ही लिहिलं नाही. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो, आणि स्टेथोस्कोप लावून "आवाज नाही, ठीक आहे" म्हटलं तरी इको करायचाच. कारण छिद्र मोठं असलं आणि फुफ्फुसातला दाब अजून जास्तच असला की हृदयाच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो, रक्त जोरात इकडून तिकडे जात नाही, मग मर्मर, म्हणजे छिद्रातून जाणाऱ्या रक्ताचा आवाज, ऐकूच येत नाही. बाळ वरून छान दिसतं आणि आत फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या खराब होत जातात, डाऊनच्या मुलांमध्ये तर हे इतरांपेक्षा लवकर होतं. म्हणून एव्हीएसडीसारखा (हृदयाच्या मधल्या पडद्यात मोठं छिद्र) दोष निघाला तर ऑपरेशन साधारण पहिल्या सहा महिन्यांतच करतात, फार उशीर झाला तर ऑपरेशन करण्यासारखी स्थितीच राहत नाही. तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे, म्हणजे हा आठवडा महत्त्वाचा. लहान मुलांच्या कार्डिओलॉजिस्टकडूनच करा, धंतोली-रामदासपेठेत चौकशी करा, खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी नाहीतर मिहानचं एम्स, तिथे विचारा.

दुसरं थायरॉइड. जन्मानंतर एकदा, मग सहा महिन्याला, वर्षाला आणि पुढे दरवर्षी टीएसएच, ही थायरॉइडची रक्ततपासणी. माझी मुलगी दीड वर्षाची असताना एकदम सुस्त झाली, शी कडक, अंग कोरडं, आणि एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की ही मुलं अशीच असतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र लगेच रक्त तपासायला लावलं, टीएसएच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत पोरगी घरभर सरकायला लागली. "ही मुलं अशीच असतात" हे वाक्य तुम्हाला पुष्कळदा ऐकायला मिळेल, नातेवाइकांकडून आणि कधी डॉक्टरांकडूनही. वजन थांबलं, झोपेत घोरते, बोलत नाही, दर वेळी डाऊनच्या खात्यात टाकतात. ऐकून घेऊ नका, कारण विचारा, तपासणी मागा. घोरण्यामागे झोपेत श्वास अडकणं असू शकतं. बोलत नाही त्यामागे कान असू शकतात, या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते आणि पडद्यामागे पाणी साचून राहतं, त्यामुळे जन्माच्या वेळची कानाची टेस्ट पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका, दर सहा महिन्यांनी ईएनटीकडे दाखवा.

डोळे सहा महिन्यांच्या आत एकदा दाखवा, मोतीबिंदू जन्मतःही असू शकतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, झाला नसेल तर करून घ्या. आणि कॅरिओटाइपच्या रिपोर्टमध्ये ट्रान्सलोकेशन (गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला) लिहिलं असेल तर तुम्हा दोघांचीही कॅरिओटाइप करावी लागते, पुढच्या मुलाचा विचार असेल तर ते फार महत्त्वाचं. मानेचं लक्षात ठेवा, वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाऊन आहे हे स्वतः सांगायचं, आणि पुढे चाल अचानक बिघडली किंवा आलेला लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दाखवायचं.

फिजिओथेरपी आत्तापासून सुरू करा, चालत नाही म्हणून दोन वर्षांनी नाही. लहान मुलांच्या तपासणीच्या सरकारी आरबीएसके योजनेत डाऊन सिंड्रोम आहे, १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार मोफत मिळतात, तुमच्या अंगणवाडीत विचारलं तर त्यांच्या टीमचा पत्ता लागेल आणि ते डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांच्या जिल्ह्याच्या सरकारी तपासणी-उपचार केंद्राला पाठवतात. बाळ थोडं मोठं होऊन दिव्यांग सर्टिफिकेट मिळालं की निरामया या सरकारी योजनेचा आरोग्य विमा काढा, वर्षाला १ लाखापर्यंत आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते, आणि आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. खाजगी कंपन्यांच्या मागे लागण्याआधी हे करा.

मुंबईचं म्हणाल तर हृदयाचं काही अवघड निघालं आणि इथल्या कार्डिओलॉजिस्टने स्वतः तिकडे पाठवलं तर नक्की जा, तेव्हा नुसता रिपोर्ट नाही, इकोची रेकॉर्डिंगही मागून घ्या आणि निघायच्या आधी तिकडच्या डॉक्टरांना पाठवून तारीख पक्की करा.