एका कान्याचा मान

प्रश्न : मी बार्शीची. बी.कॉम. झाल्यावर चार महिन्यांपूर्वी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स टीममध्ये लागले. आमचे क्लायंट इंग्लंडमधले आहेत. मागच्या आठवड्यात टीम लीडनी बोलावून सांगितलं, की क्लायंटला माझे मेल उर्मट वाटतात. मी तर प्रत्येक मेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘प्लीज’ लिहिते. प्रोबेशन अजून दोन महिने आहे. २५,००० रुपये भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, की इंग्रजी लागणार नाही अशी नोकरी बघू?

उत्तर : तू सोबत जोडलेले तीनही मेल वाचले. व्याकरणाची म्हणावी अशी एकच चूक सापडली, तिच्याकडे नंतर येते. आधी दुसऱ्या मेलमधली ही ओळ बघ : ‘प्लीज सेंड द इनव्हॉइस कॉपीज टुडे.’ लिहिताना तुझ्या मनात काय होतं ते मला ऐकू येतंय : ‘सर, आज इनव्हॉइसच्या कॉप्या पाठवा.’ मराठीत हे वाक्य अदबीचंच आहे. ‘पाठव’ आणि ‘पाठवा’ यांत फरक एका कान्याचा, आणि सगळा मान त्या कान्यात बसलेला. इंग्रजीतल्या ‘सेंड’ला काना नाही. धाकट्या भावालाही ‘सेंड’ आणि साहेबांनाही ‘सेंड’. तुझा मान वाटेतच गळला आणि क्लायंटच्या हाती नुसता हुकूम पडला. ‘प्लीज’मुळे हुकूम जरा गोड होतो, पण हुकूमच राहतो. ‘रिस्पेक्टेड सर’ही तिकडे कुणी लिहीत नाही. ‘डिअर’ आणि पुढे नाव, एवढं पुरे.

इंग्रजी हा मान क्रियापदाच्या आधी ठेवते, ‘कॅन’, ‘कुड’, ‘वुड’मध्ये, आणि हुकमाचा प्रश्न करून टाकते. ‘कुड यू प्लीज सेंड द इनव्हॉइस कॉपीज टुडे?’ आता समोरच्याला ‘आज जमणार नाही’ म्हणायला वाट राहिली.

‘कुड’ तर ‘कॅन’चं भूतकाळी रूप, मग आजच्या कामाला भूतकाळ कशाला, असं मला मुलं हमखास विचारतात. अगं, कापडाच्या दुकानात गेलीस की दुकानदार म्हणतो, ‘ताई, काय हवं होतं?’ हवं तर आत्ता आहे! केबिनच्या दाराशी उभं राहून आपणही ‘सर, जरा विचारायचं होतं’ असंच म्हणतो. मागणी भूतकाळात ढकलली की ती अंगावर येत नाही. म्हणजे ही युक्ती तुला लहानपणापासून येते, फक्त ती इंग्रजीतही आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती चूक : ‘व्हाय पेमेंट इज नॉट डन?’ शब्दांचा क्रम ‘व्हाय इज’ असा हवा, हे खरं. पण तो सुधारलास तरी वाक्य जाब विचारल्यासारखंच वाटेल. त्यापेक्षा ‘कुड यू टेल मी व्हेन द पेमेंट विल बी मेड?’ असं लिही. इथे मात्र ‘व्हेन’नंतर साध्या वाक्याचाच क्रम येतो, ‘व्हेन विल द पेमेंट’ नाही.

परवानगी मागताना ‘मे आय कॉल यू ॲट फोर?’ छान, पण ‘मे यू सेंड’ कधीच नाही. ‘मे’ विनंतीला चालतो तो ‘आय’ किंवा ‘वुई’बरोबर. क्लायंटला ‘यू शुड सेंड’ लिहिलंस तर मास्तरांनी कान पिळल्यासारखं होईल. आणि ‘वुड’ नम्र आहे म्हणून सगळीकडे पेरू नकोस. ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमारो’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, पण रजा पक्की असेल तर ‘आय विल’च. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ‘कॅन यू’ पुरतं. तिला लांबलचक अदब दाखवलीस तर टोमणा वाटेल.

‘वुड यू माइंड’ने माझीच फजिती केली आहे. नोकरीला नवीन होते. एका कार्यशाळेत ब्रिटिश पाहुण्यांनी विचारलं, ‘वुड यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ मी हसून ‘येस, येस’ म्हटलं. म्हणजे, ‘हो, माझी हरकत आहे!’ ते बिचारे तासभर घाम पुसत बसले आणि मला वाटत होतं, हे उठून खिडकी का उघडत नाहीत? ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायला हवं होतं.

नोकरी सोडू नकोस. हिशेबाच्या कामाबद्दल तक्रार आल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस, आणि अवघड काम ते आहे. २५,००० रुपयेही सध्या राहू देत. क्लायंटचे जुने मेल उघड आणि ते स्वतः काही मागतात तेव्हा कसं लिहितात, ती वाक्यं एका फाइलीत उतरवून घे. तुझ्या कामातल्या मागण्या फिरून फिरून त्याच असणार : कॉपी, तारीख, मंजुरी, थकलेलं पेमेंट. प्रत्येकीचं एकेक वाक्य तयार ठेव. फोनवर बोलायची वेळ आली तर ‘कुड’मधला ‘एल’ उच्चारायचा नाही, एवढं लक्षात ठेव.

दोन आठवडे तरी मेल जाण्याआधी टीम लीडच्या नजरेखालून जाऊ दे. त्यासाठी त्यांना आजच लिही : ‘कुड यू स्पेअर टेन मिनिट्स टुमारो? आय वुड लाइक टू शो यू माय ड्राफ्ट्स.’ ‘आय वॉन्ट’ नको.