ओट्यात सिरॅमिक ग्रिल बसवताना

पन्हाळा रस्त्यावरच्या शेतघरामागे विटांचा ओटा बांधून त्यात १८ इंची सिरॅमिक ग्रिल (जाड सिरॅमिक भिंतींची, झाकणाची कोळशाची भट्टी) बसवायचे, ओट्यावर सागवानी फळी टाकायची, शेजारी गॅसची शेगडी ठेवायची आणि वरचे शेडनेट आहे तसेच राहू द्यायचे, असा आपला बेत आहे. ग्रिल थेट फळीवर ठेवले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. या ग्रिलच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात आणि ती तळातून तासन्‌तास खाली झिरपत राहते. लाकूड पेटण्यासाठी त्याला ज्वाळाच लागली पाहिजे असे नाही. वारंवार तापणारे लाकूड आतून कोळपत जाते आणि एखाद्या दिवशी, आपण जेवायला बसलेलो असताना, धुमसू लागते. फळी हवीच असेल तर ती ग्रिलपासून दूर, भाजी चिरण्याच्या बाजूला घ्यावी.

ग्रिलखाली विटांच्या भिंतींवर टेकलेला चार इंची आरसीसी स्लॅब असावा. या मापाचे ग्रिल पाऊण ते एक क्विंटल भरते आणि तो सगळा भार तीन-चार पायांवर येतो, त्यामुळे मधे आधार नसलेली कडप्प्याची लादी त्याखाली तडकू शकते. स्लॅबवरही ग्रिलचे बूड थेट टेकवू नये. कंपनीने दिलेले पाय किंवा लोखंडी कडे वापरून खालून हवा खेळती ठेवावी. कडे मिळाले नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाड पट्टीचे करून मिळेल, मात्र माप घेण्यासाठी ग्रिलचा तळ प्रत्यक्ष मोजावा, चित्रावरून काढू नये. ग्रिल आणि ओट्याची कड यांच्यातले अंतर पुस्तिकेत दिलेले असते. मी ते दोन इंचांपेक्षा कमी ठेवू देत नाही. ही फट बरी दिसत नाही म्हणून गवंडी ती सिमेंटने भरू पाहतात, त्यांना आधीच बजावून ठेवावे, कारण तापल्यावर सिरॅमिक प्रसरण पावते आणि त्याला जागा लागते. झाकण उघडताना बिजागरी मागे किती येते हेही भिंत बांधण्याआधी मोजावे आणि समोर खालच्या झडपेपर्यंत हात घालून राख ओढता येईल एवढी खिडकी ठेवावी.

चुलीत जाळ वाढवायचा असेल तर आपण लाकूड पुढे सारतो. इथे मात्र सगळा कारभार हवेचा आहे. खालच्या झडपेतून हवा आत येते, वरच्या झडपेतून बाहेर जाते आणि या दोन झडपांच्या फटीवरच आच १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते किंवा ३५० च्या वर चढते. म्हणून ग्रिलचे तोंड कोणत्या दिशेला करायचे हा प्रश्न सुरक्षिततेचाच आहे. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. खालची झडप त्या दिशेला असेल तर वारा निखारे फुलवत राहतो आणि आच हाताबाहेर जाते. त्याच झडपेतून ठिणग्याही बाहेर पडतात, त्यामुळे समोर किमान एक मीटर कोबा किंवा फरशी असावी, गवत नसावे. शेजारी ऊस असेल आणि तोडीनंतर सरीत पाचट पडलेले असेल तर त्या काळात वाऱ्याच्या दिवशी ग्रिल पेटवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पाचट किती झपाट्याने पेट घेते हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

शेडनेट काढून टाकावे. ते प्लास्टिकचे असते, उष्णतेने वितळून गळते. त्याऐवजी उंचावर लोखंडी पत्रा घालावा आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पावसाची झड येते म्हणून ताडपत्री सोडून चारही बाजू बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि गुंगी येईपर्यंत माणसाला काही कळत नाही. गॅसची टाकी ग्रिलच्या ओट्याखाली नको, लगतच्या कप्प्यातही नको. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की खाली साचतो आणि जळत्या ग्रिलची खालची झडप तिथूनच हवा ओढत असते. टाकी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, उघड्यावर ठेवावी.

उचलताना आधी आतली जाळी, कडी आणि निखाऱ्याचे भांडे बाहेर काढावे. मग दोघा-तिघांनी बुडाखाली हात घालून ग्रिल उचलावे. बिजागरी किंवा बाजूच्या फळ्यांना धरून उचलू नये. बसवून झाल्यावर आणि पहिल्या काही वापरांनंतर पुन्हा, झाकण धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे बोल्ट तपासावेत. ते तापून सैल होतात आणि जड झाकण पट्ट्यातून निसटू शकते.

कोळसा लोणारी, मोठ्या खड्यांचा घ्यावा. दगडी कोळसा अन्नासाठी मुळीच वापरू नये. पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल नको. ते धोक्याचे तर आहेच, शिवाय सिरॅमिक ते शोषून घेते आणि पुढे कितीतरी दिवस मटणाला तोच वास येत राहतो. नारळाच्या सोडणाचे कोरडे तुकडे पुरतात. पहिल्या काही वेळा आच १७५ अंशांच्या वर नेऊ नये, म्हणजे झाकणाच्या कडेच्या गॅस्केटचा (फट बंद करणाऱ्या पट्टीचा) गोंद नीट बसतो.

सर्वांत जास्त भाजण्याचे प्रसंग झाकण उघडताना घडतात. झडपा आवळल्यावर आतला विस्तव हवेसाठी आसुसलेला असतो आणि झाकण एकदम उघडले की हवा आत घुसून ज्वाळेचा लोळ थेट तोंडावर येतो. म्हणून झाकण आधी दोन-तीन बोटे उचलावे, क्षणभर तसेच धरावे, पुन्हा टेकवावे, असे दोनदा करून मगच सावकाश पूर्ण उघडावे; चेहरा बाजूला आणि हातात कोपरापर्यंतचे चामडी मोजे असावेत. घरातल्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवावे, विशेषतः पाहुण्यांसमोर उत्साहाने पुढे होणाऱ्या मुलांना. विझवण्यासाठी पाणी ओतू नये, तापलेले सिरॅमिक त्याने तडकते. दोन्ही झडपा बंद करून वाट पाहावी. राख दोन दिवसांनीच काढावी आणि झाकणाच्या लोखंडी बादलीत टाकावी, उकिरड्यावर नव्हे.

आच्छादन ग्रिल पूर्ण गार झाल्यावरच घालावे. पावसाळ्यात कोळसा घरात, बंद डब्यात ठेवावा. चार महिने ओल खाल्लेले ग्रिल दसऱ्याला एकदम फुल आचेवर नेऊ नये, कारण सिरॅमिकमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन त्याला तडा जाऊ शकतो. आधी मूठभर कोळशावर, झडपा किलकिल्या ठेवून, तासभर नुसतेच तापवावे आणि मग मटणाचे तुकडे जाळीवर टाकावेत.