‘पर्यायी बंधक’ म्हणावं का?

प्रश्न असा: लोहखनिजाच्या पेलेटविषयीचा (भुकटीच्या गोळ्या वळून भट्टीत भाजतात, त्या) मजकूर मराठीत आणताना ‘ऑल्टरनेटिव्ह बाइंडर’ला ‘पर्यायी बंधक’ म्हणावं, की ‘चिकटद्रव्य’?

‘चिकटद्रव्य’ नको. त्यातून खळ किंवा डिंक डोळ्यांपुढे येतो. ओल्या गोळीत बारीक भुकटीचे कण धरून ठेवतं ते मुख्यतः पाणी, ८ ते १० टक्के. नेहमीचा बाइंडर म्हणजे बेंटोनाइट माती, ती ते पाणी शोषून फुगते आणि त्याला आवरते. ती कमी पडली तर गोळ्या बाहेरून पाणावतात, गोळ्या वळणाऱ्या फिरत्या डिस्कवर एकमेकींना चिकटतात आणि भराभर मोठ्या होतात. म्हणजे ‘चिकटद्रव्य’ कमी पडलं म्हणून चिकटल्या, असं लिहावं लागेल!

‘बंधक’ अर्थाने बरोबर आहे, पण हिंदी बातम्यांमुळे आता त्यात ओलीस धरलेला माणूस ऐकू येतो. भोसरी-चिंचवडच्या फाउंड्रीत सगळे ‘बाइंडर’च म्हणतात, वाचक ते असतील तर तोच शब्द ठेवा. फक्त दशांशचिन्ह सांभाळा. ओतकामाच्या साच्याच्या वाळूत बेंटोनाइट कितीतरी टक्के असतं, पेलेटमध्ये साधारण ०.५ ते १. चुकून ५ छापलं गेलं तर फाउंड्रीवाल्याला ते खटकणार नाही.

खरी अडचण ‘पर्यायी’ची आहे. त्यातून एक काढलं, दुसरं घातलं, काम तेच, असं वाटतं. इथे तसं होत नाही. बेंटोनाइटमधली सिलिका खनिजाची प्रत उतरवते, म्हणून सीएमसीसारखे (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) सेंद्रिय बाइंडर वापरून पाहतात. ते ०.१ टक्क्याच्या आसपासही पुरतात आणि मागे राख फारशी ठेवत नाहीत. पण भट्टीत ३०० अंशांच्या आसपास ते जळू लागतात, आणि हेमॅटाइट या लोहखनिजाचे कण एकमेकांत पक्के रुजायला हजाराच्या वर जावं लागतं. मधल्या टप्प्यात गोळीला आधार कोणाचाच नसतो. ग्रेटवर, म्हणजे सरकत्या जाळीवर, ती पडून असते तोवर निभावतं. ग्रेटवरून फिरत्या किल्नमध्ये (नळकांड्यासारख्या भट्टीत) पडली की भुगा होण्याची भीती. मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाला तेवढी झळ लागत नाही, कारण त्याचं ऑक्सिडीकरण आधीच सुरू होऊन कण जुळू लागतात. या मधल्या टप्प्यासाठीच पुष्कळदा बेंटोनाइट पूर्ण न काढता थोडं ठेवतात.

तेव्हा मूळ मजकूर काय म्हणतो ते आधी पाहा. पूर्ण बदल असेल तर ‘बेंटोनाइटऐवजी’, थोडं ठेवलं असेल तर ‘बेंटोनाइटच्या जोडीला’. हा फरक दाखवायला मराठीत साधे शब्द आहेत. दोन्हीकडे ‘पर्यायी’ लिहून तो पुसू नका.

यादीत ‘मोलॅसिस’ आलं तर ‘मळी’ लिहा. हिंदीतलं ‘शीरा’ उचललंत तर पुण्यातला वाचक केळं घातलेला प्रसादाचा शिरा समजेल. आणि ‘ग्रीन पेलेट’ हिरवी नव्हे, कच्ची गोळी, वीटभट्टीवरच्या कच्च्या विटेसारखी. ४५ सेंटिमीटरवरून पुन्हापुन्हा टाकून किती वेळा तगते हे मोजतात, ते हिचंच.